दोन अंतिम सामने हरलेली इसेट पिअर्सन

ब्रिटिश महिलांच्या हौशी गोल्फ अजिंक्यपद स्पर्धेचा इतिहास सांगताना बहुतेक जण लेडी मार्गारेट स्कॉट हिच्या नावापासून सुरुवात करतात आणि ते स्वाभाविकही आहे, कारण १८९३, १८९४ आणि १८९५ अशी पहिली तिन्ही अजिंक्यपदे तिनेच जिंकली. मला मात्र या इतिहासाचे खरे सूत्र पहिल्या दोन्ही अंतिम सामन्यांत तिच्याकडून हरलेल्या इसेट पिअर्सन हिच्या हाती दिसते.

त्या काळात स्त्रियांनी गोल्फ खेळू नये असे कोणी फारसे म्हणत नसे. त्यांनी किती आणि कसा खेळावा, याबद्दल मात्र पुरुषांची मते ठाम होती. लॉर्ड वेलवूड यांनी १८९० मध्ये लिहिले होते की स्त्रियांचा फटका सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे जाऊ नये, कारण त्यासाठी काठी खांद्यावर न्यावी लागते आणि स्त्रीच्या पोशाखात ते शोभत नाही. स्त्रिया स्वतःची संघटना काढून राष्ट्रीय स्पर्धा भरवणार असे कळल्यावर, दोनदा पुरुषांचे हौशी अजिंक्यपद मिळवलेल्या होरेस हचिन्सन यांनी ब्लांश मार्टिन यांना पत्र पाठवून हा बेत सोडून देण्याचा सल्ला दिला. स्त्रिया आपसांत भांडतील आणि हा खेळ त्यांच्या शरीरप्रकृतीला झेपणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हचिन्सन हे गोल्फचे जाणकार आणि एरवी समंजस लेखक होते, म्हणूनच ते पत्र अधिक खटकते.

पत्राचा परिणाम झाला नाही. एप्रिल १८९३ मध्ये ‘लेडीज गोल्फ युनियन’ स्थापन झाली. विम्बल्डनच्या क्लबमध्ये खेळणारी इसेट पिअर्सन तिची मानद सचिव झाली आणि नेत्रशल्यविशारद लेडलॉ पर्व्हस यांनी तिला भक्कम साथ दिली. त्याच वर्षी जूनमध्ये लिदम अँड सेंट अ‍ॅन्स येथील स्त्रियांच्या नऊ होलच्या मैदानावर पहिली स्पर्धा झाली. तिच्यात ३८ जणींनी भाग घेतला. सामने होलगणिक जिंकण्या-हरण्याच्या पद्धतीने खेळले गेले, म्हणजे कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालणारी तो होल जिंके. अंतिम सामन्यात स्कॉटने पिअर्सनवर सात होलची आघाडी घेतली आणि पाच होल बाकी असतानाच सामना संपला. पुढच्या वर्षी लिटलस्टोन येथे याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. या वेळी पिअर्सनने अधिक झुंज दिली, तरी निकाल तोच राहिला.

हा सगळा खेळ ज्या कपड्यांत चालत असे, त्यांची आजच्या वाचकाला कल्पना येणे कठीण आहे. घोट्यापर्यंतचा जाड घागरा, कडक खळीची कॉलर, दंडाशी फुगलेल्या बाह्या आणि केसांत पिनांनी अडकवलेली ताठ गवती टोपी असा तो सरंजाम असे. समुद्रकाठच्या वाऱ्यात घागरा फुगला की पायाशी असलेला चेंडूच दिसेनासा होई. त्यावर तोडगा म्हणून पुढे काही खेळाडू कमरेला रुंद इलॅस्टिकचा पट्टा बांधू लागल्या. पटिंगच्या वेळी, म्हणजे चेंडू हलकेच खळग्याकडे ढकलताना, तो गुडघ्यांपर्यंत खाली सरकवला की कापड जागच्या जागी राही. अशा पेहरावात पूर्ण झोक्याने मारलेला स्कॉटचा फटका पाहून प्रेक्षक थक्क होत, यात नवल नाही.

पिअर्सनचे मोठे काम मात्र मैदानाबाहेरचे होते. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार तिला मिळणारी फटक्यांची सवलत. ती ठरवण्याची रीत तेव्हा क्लबागणिक वेगळी असल्यामुळे एका गावच्या खेळाडूचा आकडा दुसऱ्या गावी निरर्थक ठरत असे. युनियनने प्रत्येक मैदानाची काठिण्यपातळी एकाच मापाने ठरवण्याचा आणि खेळाडूने प्रत्यक्ष नोंदवलेल्या फेऱ्यांवरूनच तिचा हँडिकॅप काढण्याचा आग्रह धरला. हे काम चिकाटीचे आणि वाईटपणा घ्यायला लावणारे होते, कारण आपल्या क्लबने दिलेला आकडा बदललेला कोणालाच रुचत नाही. तरीही थोड्याच वर्षांत ही व्यवस्था विश्वासार्ह ठरली. ब्रिटनमधील पुरुषांच्या गोल्फला अशी देशव्यापी पद्धत लाभायला १९२०चे दशक उजाडावे लागले. माझ्या मते स्पर्धा टिकली ती या पायामुळे. आपल्याला मोजणारे माप सर्वत्र सारखेच आहे हा भरवसा असल्याशिवाय दूरदूरच्या क्लबांतील स्त्रिया एका छत्राखाली आल्या नसत्या.

पुढचा विस्तार वेगाने झाला. १८९९ मध्ये आयर्लंडची मे हेझलेट वयाच्या सतराव्या वर्षी जिंकली. १९०४ मध्ये ट्रून येथे तिला हरवणारी लॉटी डॉड ही विम्बल्डनच्या टेनिसची पाच वेळची विजेती होती. १९०८ मध्ये स्पर्धा प्रथमच सेंट अँड्र्यूजला पोहोचली. पहिल्या महायुद्धानंतर सेसिल लीच आणि जॉइस वेदरेड यांच्या चुरशीने वर्तमानपत्रांचे रकाने भरले. दोघींनी प्रत्येकी चार अजिंक्यपदे मिळवली आणि १९२५ चा त्यांचा छत्तीस होलचा अंतिम सामना बरोबरीमुळे सदतिसाव्या होलपर्यंत लांबला. १९२९ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर अमेरिकेची ग्लेना कॉलेट अकरा होलनंतर पाचने पुढे होती, तरीही वेदरेडने तो सामना खेचून आणला. इतक्या पिछाडीवरून घाईगडबड न करता परतणे मला तिच्या सर्व विजयांत थोर वाटते.

ब्रिटन आणि अमेरिका यांच्या महिला हौशी संघांमधील कर्टिस कपही याच स्पर्धेतून निघाला. १९०५ मध्ये क्रोमर येथील अजिंक्यपदासाठी अमेरिकेहून आलेल्या खेळाडूंत हॅरियट आणि मार्गारेट या कर्टिस भगिनी होत्या. तेव्हा सहज म्हणून झालेल्या सांघिक लढतीत अमेरिकी बाजू ६-१ अशी हरली, परंतु ही कल्पना दोघी बहिणींच्या मनात रुजली. त्यांनीच दिलेल्या चषकासाठी १९३२ मध्ये वेंटवर्थ येथे पहिली अधिकृत लढत झाली. ब्रिटिश संघाची कर्णधार वेदरेड होती आणि तरीही अमेरिकेने साडेपाच विरुद्ध साडेतीन गुणांनी ती जिंकली.