अंगातच आहे ना, मग अडलंय कुठे?

"जंतू मारणारी पेप्टाइडं अंगातच असतात म्हणता, मग कॉम्प्युटरवर निवडून त्यांचं औषध का करत नाही?" हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मी नुसती हसते. तुम्ही परत विचारलंत, म्हणून आज सांगतेच.

हिशेब सोपा दिसतो, हे कबूल. पेप्टाइड म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची छोटी साखळी. आपल्या अंगातलं असंच एक, एलएल-३७ घ्या. ३७ अमिनो आम्लं, ११ धनभारित, ५ ऋणभारित, निव्वळ भार +६. जिवाणूचं आवरण ऋणभारित, म्हणून हे त्याला जाऊन चिकटतं. अशाच गुणांवर, जंतू मारणारं पेप्टाइड ओळखायला, मी कॉम्प्युटरचं मॉडेल शिकवलं. अचूकता नव्वदीच्या पुढे गेली आणि मी मिरवलं. का मिरवू नये?

मग प्रयोगशाळेतल्या एकाने एलएल-३७ चाच क्रम, म्हणजे त्यातल्या अमिनो आम्लांची ओळ, पाठवला, फक्त सुरुवातीला एक जादा 'एम', म्हणजे मेथिओनिन हे अमिनो आम्ल. जिवाणूंकडून पेप्टाइड बनवून घेताना तो कधीकधी राहून जातो. मॉडेल म्हणालं, जंतुनाशक नाही. 'एम' खोडला, तर आहे. परत लावला, नाही. तासभर मी तेवढंच करत बसले होते. मॉडेलला 'न मारणारी' उदाहरणं म्हणून मी इतर प्रथिनांचे सुरुवातीचे तुकडे घेतले होते, आणि प्रथिनाची सुरुवात 'एम'ने होते. एलएल-३७ मात्र एचकॅप-१८ या मोठ्या प्रथिनाच्या शेपटाकडून कापून निघतं. 'एम' दिसला की नाही म्हणायचं, एवढंच मॉडेल शिकलं होतं. शिकवलं मीच. शिवाय ते 'न मारणारे' तुकडे खरंच मारत नाहीत हे कुणी तपासलं होतं? कुणीच नाही.

म्हणजे सगळं फुकट? नाही हो. हजारो क्रमांतून प्रयोगाला पन्नास निवडायचे तर हाच मार्ग. पण निवडलेलं पेप्टाइड शरीरात टिकेल का, ते क्रमावरून कळत नाही. खुद्द एलएल-३७ रक्तद्रवात अपोलिपोप्रोटीन ए-१ या प्रथिनाला चिकटून अडकतं. मात्रा वाढवावी तर आपल्याच पेशी फुटू लागतात.

'एम'चा घोळ निस्तरल्यावर तरी सुटेल असं वाटलं होतं. मग घामातलं जंतू मारणारं पेप्टाइड, डर्मसिडिन घातलं. २००१ मध्ये सापडलेलं, त्याचं ४८ आम्लांचं रूप, निव्वळ भार −२. भार धन नाही, म्हणून मॉडेलने ते वगळलं. तेव्हाची मी 'अपवाद' म्हणून मोकळी झाले असते. आता धनभाराची अट सैल केली की डर्मसिडिन आत येतं, आणि त्याच्यामागून भलतीसलती डझनावारी. अट परत आवळली आहे. तूर्तास.