कंबरेवरचे उपचार अर्ध्यावर का अडले

अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या आम्हा लोकांत कंबरदुखी कुणी लपवत नाही. ‘उसण भरलीय’, ‘पायाला मुंग्या येतायत’ हे ड्युटी बदलताना सहज बोललं जातं. झोप उडालीय, एका कॉलवरचा आक्रोश कानातून जात नाहीये, हा विषय मात्र कुणी काढत नाही. त्यामुळे माझं दुखणंही आधी कंबरेचं म्हणूनच नोंदलं गेलं.

बेशुद्ध पेशंटला अरुंद जिन्यावरून खाली आणत होतो. वळणावर स्ट्रेचर तिरकं करताना माझ्या कंबरेत चमक भरली. दुसऱ्या दिवशी कळ डाव्या मांडीतून पोटरीत उतरली. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं ते लघवी-शौचावर ताबा आहे ना, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, चालताना पाऊल लटकं पडतं का. हे प्रश्न मुद्दाम लिहितेय, कारण आमच्यातले कित्येक जण वेदनाशामक गोळी घेऊन पुढच्या कॉलला निघतात. यातलं काहीही जाणवलं तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. माझ्यात तसं काही नव्हतं. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकून नस दबलेली दिसली. बहुतेकांना याला ऑपरेशन लागत नाही, अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा, असं त्यांनी सांगितलं.

आमच्या कामात कंबर जाणं हे नवल नाही. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या सूत्रात, सगळं मनासारखं असताना, म्हणजे ओझं अंगालगत आणि पाय सपाट जमिनीवर असताना, उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. माणूस उचलायचा असेल तर ती साधारण १६ किलोच धरावी, असं तिथल्याच एका संशोधकाने २००७ मध्ये सुचवलं. आता आमचा पेशंट आठवा. तो न्हाणीघरात अडकलेला असतो, गाडीच्या सीटखाली असतो. हृदय बंद पडलेल्याला सीपीआर देताना छाती पाच-सहा सेंटीमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि तेही कधी कधी धावत्या गाडीत वाकून. ‘नीट वाकायला शिका’ असं प्रशिक्षण देऊन कंबरदुखी टळत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. जिन्यावरून उतरवायची खुर्ची, पेशंट सरकवायची चादर, यंत्राने वर-खाली होणारं स्ट्रेचर आणि पुरेशी माणसं लागतात. हे ज्यांच्या हातात आहे त्यांनी कर्मचाऱ्याच्या वाकण्याला दोष देणं मला अजिबात मान्य नाही.

फिजिओथेरपीने ताकद आली, पायातली कळ ओसरली. तरी कंबर मोकळी होईना. वजन उचलायला गेले की श्वास रोखला जायचा, जबडा आवळला जायचा. लांबून सायरन ऐकला तरी पाठ ताठायची. हे माझ्या फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आलं. एका दिवशी व्यायाम थांबवून त्यांनी विचारलं, “त्या जिन्यात आणखी काय झालं होतं?”

तोवर एवढं कुणीच विचारलं नव्हतं. पेशंट तरुण होता, तो वाचला नाही. त्याची आई आमच्यामागून जिना उतरत होती, आणि मला चमक भरली त्याच क्षणी ती ओरडली होती. मी सांगितलं आणि बराच वेळ रडले.

त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे नऊ प्रश्नांचा कागद भरायचा होता, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचा. शेवटचा प्रश्न मरून जावंसं वाटण्याचा. मी ‘काही दिवस’वर खूण केली. डॉक्टर जराही दचकल्या नाहीत. काही ठरवलंय का, हाताशी काय आहे, रात्री असं वाटलं तर फोन कुणाला करायचा, हे त्यांनी सरळ विचारलं आणि माझ्यासमोर लिहून काढलं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही भीती निराधार आहे. मला तर त्या प्रश्नाने सुटल्यासारखं झालं.

निदान झालं पीटीएसडीचं, म्हणजे भीषण प्रसंगाच्या धक्क्यातून जडणाऱ्या मानसिक आजाराचं. प्रसंग नकळत पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, सतत सावध राहणं, हे महिन्याहून जास्त टिकलेलं होतं. सर्ट्रालीन हे नैराश्यावर आणि या आजारावरही देतात ते औषध सुरू झालं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात, हे आधी सांगितलं गेलं म्हणून मी टिकले. झोपेच्या गोळ्या मी मागितल्या होत्या. त्यांनी दिल्या नाहीत, कारण ज्या गोळ्यांची सवय लागते त्या या आजारात शक्यतो टाळतात.

खरा फरक पडला तो दोन्ही उपचार जोडल्यावर. माझ्या संमतीने फिजिओथेरपिस्ट आणि माझ्या मनावर बोलण्यातून उपचार करणाऱ्या थेरपिस्ट एकमेकींशी बोलल्या. थेरपीत तो प्रसंग मी बारकाव्यांसकट सांगायचे, पुन्हा पुन्हा, आईचा आवाज आला की तिथे न थांबता पुढे. फिजिओथेरपीत आधी नुसता जिना, मग रिकामं स्ट्रेचर, मग वाळूच्या पिशव्या, शेवटी स्ट्रेचरवर झोपलेली सहकारी मैत्रीण. वळणावर श्वास सोडायचा, जोडीदाराला मोठ्याने ‘थांब’ म्हणायचं, मग वळायचं. दुखलं म्हणजे गादी पुन्हा सरकली असं नाही, हे अंगाला कळायला वेळ लागला. दुखणं धसका जागवायचं, धसक्याने स्नायू आवळायचे, की पुन्हा दुखायचं. ही साखळी एका टोकाने तुटत नव्हती.

कामावर परतताना वरिष्ठ म्हणाले, पूर्ण बरी झाल्यावरच ये. दोघींनी मिळून पत्र दिलं: सुरुवातीला रात्रपाळी नाही, जोडीला तिसरं माणूस, अवघड कॉलनंतर लगेच पुढचा कॉल नाही. तिसऱ्या माणसावर बरीच ओढाताण झाली, शेवटी मिळालं. मोठा अपघात झाला की सगळ्यांना एका खोलीत बसवून सक्तीने बोलतं करायची पद्धत मात्र मी नाकारली. असं एकदाच घेतलेलं सत्र पीटीएसडी टाळत नाही, काहींना उलट त्रास होतो. त्याऐवजी माझी जोडीदार आठवड्याभराने विचारते, झोप कशी आहे आणि कंबर कशी आहे. मीही तिला विचारते.

औषध अजून चालू आहे. डोस कधी कमी करायचा ते डॉक्टर ठरवणार आहेत.