बाराच फोटो

वडिलांनी 1978 साली कराडच्या एसटी स्टँडजवळ 10 बाय 18 चा गाळा भाड्याने घेतला आणि स्टुडिओ थाटला. सामान काय, तर एक जुना याशिका कॅमेरा, 500 वॉटचे दोन दिवे, डोंगर-तळं रंगवलेला पडदा आणि मागच्या मोरीत डार्करूम. कागद बहुतेक उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’ छापाचा. 120 नंबरच्या फिल्म रोलवर चौकोनी बारा फोटो बसत. म्हणून गिऱ्हाइकाला दोनदा केस सारखे करायला लावायचं, बोटाने हनुवटी वर करायची आणि मगच बटण दाबायचं. रोल वाया गेला की दिवसाची कमाई गेली.

परीक्षेच्या फॉर्मचे फोटो, स्थळाला पाठवायचे फोटो, संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून आणलेली रडकी बाळं, यावर आमचं घर चाललं. पुढे आधार केंद्रात आणि पासपोर्ट सेवा केंद्रात तिथल्या तिथेच फोटो काढू लागले, तशी रांग आटली.

मी 2003 मध्ये गल्ल्यावर बसलो आणि 2007 मध्ये डिजिटल कॅमेरा घेतला. रोलचा खर्च नाही, तर काढा एका सिटिंगला तीनशे फोटो! सगळे सीडीवर, नंतर पेन ड्राइव्हवर घालून द्यायचो. गिऱ्हाईक खूश, वडील गप्प. फोटो छापून न्यायला मात्र कोणी परत येईना. एकदा एक कुटुंब चार पिढ्यांचा फोटो काढून गेलं. तीन वर्षांनी त्यांचा मुलगा तोच पेन ड्राइव्ह घेऊन आला. तो उघडत नव्हता आणि पणजी गेल्या होत्या. आमच्या हार्ड डिस्कवरून ते फोटो मी जागा करायला कधीच पुसले होते. शेवटी त्याने पणजींच्या मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून मागितला. करून दिला, पैसे घेतले नाहीत. पण त्यात होतं काय? नुसते करडे ठिपके.

2015 पासून आम्ही पद्धत बदलली. दर फोनवरच सांगतो: सिटिंगचे 1,500 रुपये, त्यात 8 बाय 12 चा एक फोटो माउंट (फोटो आणि काचेमधली पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमसह. पुढचे वेगळे. ‘‘एवढे?’’ म्हणून फोन ठेवणारे ठेवतात. येणाऱ्याला सांगतो, जिथे लावायचाय त्या भिंतीवर पेपरचं एक पान धरा आणि मोबाइलवर फोटो काढून आणा. दुकानात 12 बाय 18 भलामोठा वाटतो, घरी सोफ्याच्या वर तोच काडेपेटीएवढा दिसतो. पानाशी ताडून पाहिलं की मोठा फोटो गिऱ्हाईकच मागतं. माउंट मात्र हवाच, नाहीतर आमच्याकडच्या पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि सोडवायला गेलं की रंग सोलून येतो.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. दोन दिवसांनी बोलावतो, चहा सांगतो आणि टीव्हीवर दाखवतो. बाराच. दोन-दोन शेजारी लावून विचारायचं, ‘‘हा की हा?’’ पाकीट मुलाच्या खिशात असतं, पण होकार आईचा लागतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आता आईला आणल्याशिवाय निवड ठेवतच नाही. घेतलेल्या प्रत्येक फोटोची फाइल फुकट. ‘‘फोटो आमचा, मग सगळ्या फाइली का नाहीत?’’ असं एका वकिलाने विचारलं, तेव्हा मी कायदा काढून वाचला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 त्यांच्याच बाजूचं निघालं: पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. तेव्हापासून सिटिंगआधी एका पानाचा करार करतो. शोकेसमध्ये लावायची परवानगीही त्यातच.

वडील निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करत. मुरूम जाई, तीळ राही. आमच्या नव्या पोराने कॉम्प्युटरवर एका आजींच्या कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसलं. फ्रेम हातात घेऊन आजी म्हणाल्या, ‘‘ही कोण बाई?’’ पदरचे पैसे घालून पुन्हा छापला.

सध्या निम्मं काम म्हाताऱ्या माणसांचं आहे. आम्ही जपून बोलतो, ती मात्र दारातूनच सांगतात, ‘‘हाराचा काढून ठेव रे, नाहीतर पोरं लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढतील.’’ गेल्या वर्षी असेच एक निवृत्त मास्तर आले. बाराही फोटो पाहिले आणि म्हणाले, ‘‘कवळी काढून हसलो होतो, तो कुठाय?’’ तो मी आधीच बाजूला टाकला होता. एक डोळा मिटलेला, तोंडाचं बोळकं. मास्तरांनी 16 बाय 24 मध्ये तोच घेतला. आता टाकलेल्यांतला एक फोटो बारांच्या मागे ठेवतो. वडील अजून काउंटरवर बसतात. त्यांनी बजावलंय, त्याला ‘तेरावा’ म्हणायचं नाही. आम्ही ‘बारावर एक’ म्हणतो.