प्लेटो, ऑगस्टीन आणि आमचं संडे स्कूल

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या रिपब्लिक या पुस्तकात सातव्या भागात एक वाक्य आहे, ते वाचून मी लोकलमधे पुस्तकच मिटलं. तो म्हणतो, जबरदस्तीने शरीर राबवलं तर शरीराचं फारसं बिघडत नाही, पण जबरदस्तीने शिकवलेलं मनात टिकत नाही, म्हणून मुलांना खेळता खेळता शिकवा. आणि हा काही लाडावणारा माणूस नव्हता हं, मुलांनी कुठल्या गोष्टी ऐकायच्या, कुठल्या चाली गायच्या यावरसुद्धा त्याला सेन्सॉर हवा होता, ग्रीकांचा थोर कवी होमर, त्यालाही कात्री लावायला निघालेला.

आता आमच्या संडे स्कूलमधे, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात काय चालतं बघा. सुवर्णवचन, म्हणजे बायबलमधली नेमून दिलेली ओळ, पाठ असेल तर चार्टवर स्टार, वर्षाच्या शेवटी परीक्षा, नाताळात बक्षीस. माझा मुलगा बायबलमधलं तेविसावं स्तोत्र एका दमात म्हणतो, मधे श्वास घेतला तर विसरेल म्हणून, आणि शेवटचा शब्द संपायच्या आत मान चार्टकडे वळलेली. मृत्युछायेची दरी म्हणजे काय रे, विचारलं तर म्हणाला, "मम्मी ते परीक्षेला नाहीये." आठवडाभर ट्यूशन आणि रविवारी देवाची ट्यूशन!

ऑगस्टीनचं वाचलंय का कुणी? चौथ्या शतकातला, उत्तर आफ्रिकेतला, पुढे मोठा बिशप झाला. लहानपणी शाळेत मार खाऊन खाऊन त्याला ग्रीक भाषेचा इतका तिटकारा आला की होमरच्या गोष्टीही कडू लागायच्या, आणि लॅटिन मात्र दायांच्या मांडीवर हसतखेळत आपोआप आली. भीतीपेक्षा मोकळं कुतूहल जास्त शिकवतं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे प्लेटो जे सांगून गेला ते ह्याने पाठीवर वळ घेऊन शिकलं. त्याच काळातला ख्रिस्ती धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम आईबापांना सांगतो की रात्री जेवताना मुलाला बायबलमधल्या काइन-हाबेल या भावांची गोष्ट सांगा, मग त्याच्याकडून परत ऐका, आईने शेजारी बसून शाबासकी द्यावी, आणि पुढे तीच गोष्ट चर्चमधे वाचली गेली की पोरगं खुशीत उडी मारेल, कारण त्याला ती आधीच माहितीये. परीक्षेचं नावही नाही.

प्लेटोचं हे सगळं मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं ते मूर्तिपूजक लोक, त्यांचं काय घेऊन बसलीस, पवित्र शास्त्र पुरे नाही का?" गंमत म्हणजे मावशीचं हे म्हणणं एका रोमन बादशहाने 362 मधे कायदाच करून टाकलं होतं, आणि तो ख्रिस्ती लोकांच्या विरोधातला, ज्युलियन. ख्रिस्ती शिक्षकांनी होमर-बिमर शिकवायचा नाही, ज्या देवांना मानत नाही त्यांची पुस्तकं कशाला शिकवता. त्यावर ग्रेगरी नावाचा ख्रिस्ती लेखक जाम भडकला. तो, त्याचा दोस्त बासिल आणि हा ज्युलियन, तिघेही एकाच काळात अथेन्सला शिकलेले! बासिलने नंतर तरुण मुलांसाठी लिहिलं की ग्रीक पुस्तकं मधमाशीसारखी वाचा, सगळ्या फुलांवर बसू नका, आणि बसाल तिथलंही सगळं उचलू नका.

आणि आपण तरी काय वेगळं करतो? कवी ना. वा. टिळकांनी 1895 मधे इथेच मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे, आणि त्यांची भजनं मावशी स्वतः डोळे मिटून गाते. हे ऐकवल्यावर तिने चहा ठेवायला उठून विषय बदलला.

पण प्लेटोचं सगळंच उचलायचं नाही, हे मलाही मान्य. त्याच्या आदर्श नगरीत अधू निपजलेली बाळं गुपचूप दूर करायची सोय आहे, प्रत्यक्ष ग्रीसमधेही नको असलेलं बाळ उघड्यावर टाकून यायचे, आणि श्रीमंताच्या मुलाला शाळेत पोचवायला गुलाम. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी इथेच नाही म्हटलं, जन्मलेल्या बाळाला मारू नका हे त्यांच्या अगदी जुन्या नियमांत आहे. मूल कसं शिकवायचं ते ग्रीकांकडून घ्या हवं तर, पण कुठलं मूल मोजायचं ते नको.

आमच्या वर्गात एक मुलगी अडखळत बोलते, वचन पूर्ण व्हायच्या आत पुढच्याचं नाव पुकारलं जातं, तिच्या नावापुढची ओळ कोरीच आहे. पुढच्या मीटिंगला तो चार्ट भिंतीवरून काढा म्हणून मी बोलणार आहे. पाळकसाहेबांना आवडणार नाही बहुतेक, चालेल.