तिथीची पाऊणपट: नाशिकहून तांदुळवाडी आणि अर्नाळा, दोन दिवसांत

अर्नाळा म्हणजे विरारजवळचा बेटावरचा किल्ला, भरती बघून होडीने गाठायचा. शनिवार-रविवार बघून तिथली सहल ठरवणारे निम्मे लोक चिखल तुडवून परत येतात. आधी कॅलेंडरातली तिथी बघायची, मग वार. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, आणि त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरून चालायचं. सकाळी जायचं-यायचं तर दशमी ते द्वादशी सोयीची. एकादशीला बरोबर सव्वाआठला भरती होती, पण कोळीवाड्यात जाऊन साबुदाणा कोण खाणार? म्हणून द्वादशी धरली: बाराची पाऊणपट नऊ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. नवख्यांनी ते दिवस टाळावेत. जून ते सप्टेंबर तर विचारच नको.

आदल्या दिवशी डोंगर. पहाटे पाचला निघालो. भिवंडीच्या ट्रकांत अडकण्यापेक्षा त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर हा रस्ता मला केव्हाही पसंत. वळणं खूप आहेत, महामार्गावरच्या वरई फाट्यापर्यंत साधारण चार तास धरा. तिथून सफाळ्याच्या रस्त्याला तांदुळवाडी गाव.

तांदुळवाडीचा किल्ला 500 मीटरही उंच नाही. कळसूबाई-साल्हेर केलेले नाशिककर त्याला हसतात आणि अर्ध्या वाटेत बसतात. याचं कारण चढ नसून दमट हवा. घाम वाळतच नाही, अंग तापत राहतं. माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पुडी हवीच. लाकूडफाट्याच्या वाटा बऱ्याच फुटतात, त्यामुळे गावात विचारून पुढे जावं. वरच्या टप्प्यात घसारा (सुटी माती-दगड) आहे, उतरताना तो जास्त त्रास देतो. दीड-दोन तासांत माथा. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, पण खरं बघायचं ते खाली: सूर्या आणि वैतरणेचा संगम. गोदावरी त्र्यंबकहून पूर्वेला गेली. ही वैतरणा त्याच डोंगरांतून निघून पश्चिमेला आलेली. हिच्याच मुखाशी अर्नाळ्याचं बेट आहे.

मुक्काम अर्नाळ्यातच करा. विरारहून सकाळी पोहोचायचं म्हटलं तर भरती हातची जाते.

दुसऱ्या दिवशी आठला किनाऱ्यावर. आम्ही चढलो तिथे धक्का नव्हता, गुडघाभर पाण्यातून होडी गाठायची होती. ट्रेकचे बूट गाडीत, पायात रबरी सँडल, मोबाइल झिपच्या पिशवीत. लाटेने होडी वर उचलली की हात लावायचा नाही, ती खाली बसली की काठ धरून एका दमात आत. बहुतेक नडग्या इथेच सोलवटतात, कारण माणूस नेमका उलट वेळी पाय टाकतो. होडीत उभं राहू नये. लाइफ जॅकेट मागून घ्यावं, लाजू नये. बेटावर वस्ती आहे, गॅस सिलिंडर आणि किराणाही याच होडीने जातो. नाखवा, म्हणजे होडीवाला, म्हणेल तिथे बसायचं. पार जायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

किल्ला दीड तासात होतो. मूळ बांधकाम गुजरातच्या सुलतानाचं, पुढे पोर्तुगीज, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला आणि नव्याने बांधला. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेत, आणि समुद्राच्या पोटात त्वरेने जंजिरा (पाण्यातला किल्ला) बांधा अशी बाजीरावाची आज्ञा सांगणारा शिलालेख आहे. सकाळी उन्हं तिरपी असताना अक्षरं चांगली लागतात. आत अष्टकोनी तळं आणि काठाला त्र्यंबकेश्वराचं मंदिर. नदीच्या उगमाशी त्र्यंबकेश्वर आणि मुखाशीही त्र्यंबकेश्वर! इथे मी ठरवल्यापेक्षा जास्त थांबलो. दक्षिणेला तटापासून सुटा एक गोल बुरूज आहे, तिकडे परतीच्या अकराच्या होडीचं गणित सांभाळूनच जा. नंतर पाणी ओसरतं आणि होडी लांब थांबते. मग नुसत्या वाळूतून नाही, घोट्यापर्यंतच्या रेंद्यातून, चिखलातून चालावं लागतं.

सुके बोंबील घ्यायचेच असतील तर घट्ट झाकणाचा डबा घरून न्या. पिशवीवर पिशवी बांधून उपयोग होत नाही. जव्हारपर्यंत काचा उघड्या ठेवूनच यावं लागलं.