पाठवणीला डोळे कोरडे

मंगळवार, रात्री उशिरा

मावशी बोलली ते वाईट मनाने नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. ताईच्या चिनूची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, ताईला धरून आत आणलं, कुणीतरी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, आणि मावशी माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तू मात्र घट्ट मनाची झालीस हो. अशा वेळी एक तरी माणूस खंबीर लागतंच घरात." कौतुकच होतं ते. आजूबाजूच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. मी परत आले, कपडे धुऊन झाले, आहेराच्या पिशव्या माळ्यावर गेल्या, तरी ते वाक्य काही जात नाही.

मी रडले नाही. चिनूच्या पाठवणीला मी रडले नाही.

तिने माझ्या गळ्यात हात टाकले तेव्हा मुंडावळीचा एक मोती माझ्या गालाला टोचत होता. शालूची पाठ घामाने ओली झाली होती. हळदीचा वास अजून होता तिच्या मानेला. ती हुंदके देत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत आतून वाट बघत होते. आता येईल. आता भरून येईल. घसा दाटेल, नाक झोंबेल, मग डोळे. सगळी तयारी करून उभी होते मी. आलं नाही. जिचे दुधाचे दात माझ्याकडे असताना पडले, जिला तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसले, ती पोरगी घर सोडून चालली होती आणि मी शेजारी ठेवलेली तिची बॅग नीट बंद आहे ना ते बघत होते.

मला वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. पण ते वाटणं फडक्याने पातेलं धरल्यासारखं होतं. गरम आहे हे कळत होतं, चटका बसत नव्हता.

तेव्हापासून एकच विचारते आहे स्वतःला. तिथे उभी होती ती मी होते, की गोळी?

स्ट्रिप समोर ठेवूनच लिहिते आहे. एस्सिटालोप्राम, नैराश्यावरची गोळी, 15 मिलिग्रॅम. रोज सकाळी नाश्त्यानंतर. सुरुवातीला मळमळ, दिवसभर जांभया, रात्री घाम. ते सगळं यथावकाश गेलं. डॉक्टर मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. सोबत क्लोनाझेपाम या मन शांत करणाऱ्या औषधाची अर्धी गोळी होती, तीही त्यांनी पहिल्या काही आठवड्यांतच कमी करत बंद केली. हिची सवय लागते, म्हणाल्या. समोरच्या काकू तीच गोळी वर्षानुवर्षं घेतायत, एस्सिटालोप्रामबरोबर एकाच गोळीत एकत्र केलेली. त्यांना वाटतं झोपेचीच आहे. मी एकदा बोलायचा प्रयत्न केला होता. असो, तो विषय वेगळा.

कोरडेपणाबद्दल मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्या दिवसांत माझ्या डोक्यात शिरलं नसेल. हे माझ्या एकटीचं नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या साडेसहाशेहून जास्त लोकांना विचारलं होतं, त्यातल्या 46 टक्के लोकांनी भावना बोथट झाल्याचं सांगितलं. जवळजवळ निम्मे. म्हणजे आपल्या आजूबाजूला किती लग्नांत, किती मयतीत, किती बारशांत माणसं अशी कोरड्या डोळ्यांनी उभी असतील आणि लोक त्यांना घट्ट मनाची म्हणत असतील. आणि हे फक्त रडण्याचं नाही. हसूही पोटातून येत नाही. आमरसाची पहिली वाटी तोंडाला लावल्यावर जे व्हायचं तेसुद्धा हल्ली होत नाही. आणखीही एका बाबतीत असंच झालंय, त्याबद्दल इथे नको. नवरा काही बोलत नाही, पण मला कळतं.

2023 च्या जानेवारीत केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, तो मी काल रात्री पुन्हा वाचला. त्यांनी नैराश्य नसलेली 66 धडधाकट माणसं घेतली. काहींना हीच गोळी दिली, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. निदान तीन आठवडे. गोळीवाल्यांचं लक्ष आणि स्मरणशक्ती इतरांसारखीच राहिली. पण बक्षीस आणि शिक्षा बघत बघत शिकायच्या चाचणीत, काय मिळालं आणि काय हुकलं याचा त्यांच्यावर कमी परिणाम होत होता. वाचून पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे गोळीच, मी नव्हे. माझी माया आटलेली नाही.

पण हे समाधान दहा मिनिटंही टिकलं नाही. कारण मी त्या 66 जणांसारखी धडधाकट कुठे होते? आजारही हेच करतो. नैराश्यात माणूस सारखं रडतं असं लोकांना वाटतं, पण खोल गेल्यावर रडूही येत नाही. मग आज जे बोथट आहे ते औषधाने केलेलं, की आजाराचं उरलेलं? डॉक्टरांनाही हे वेगळं काढणं अवघड जातं, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आतूनही सारखंच दिसतं, हे मी सांगते.

काल रात्री मग फार कीव आली स्वतःची. वाटलं, सगळ्यांना निदान आपलं दुःख तरी आपलं म्हणून मिळतं. ताईने पोटभर रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती चक्क हसत होती. माझं मात्र कुठेतरी मधेच अडकून बसलंय, ना बाहेर येत, ना आत जिरत. आईच्या वेळीसुद्धा... जाऊ दे.

दादाने मागे फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, नैराश्याचा मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या द्रव्याशी काही संबंधच नाही, सगळा कंपन्यांचा धंदा. खाली चारपाच अंगठे. कुणाला उद्देशून होतं ते सगळ्यांना माहीत होतं. मी तेव्हा गप्प बसले, पण त्याच्या मुळाशी गेले. लंडनच्या काही संशोधकांनी 2022 मध्ये आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासले होते आणि सेरोटोनिन कमी झाल्यामुळेच नैराश्य येतं याला भक्कम पुरावा सापडत नाही असं म्हटलं होतं. एवढंच. गोळी चालत नाही असं त्यातून निघत नाही. तो प्रश्न निराळा आहे आणि त्याचं उत्तर 2018 च्या एका मोठ्या आढाव्यात आहे. 21 औषधं, 522 चाचण्या, एक लाखाहून जास्त माणसं. सगळीच औषधं नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस निघाली, पण सरासरीने फरक मध्यमच. कुणाला खूप गुण येतो, कुणाला काहीच नाही, आणि तुम्ही कोणत्या गटात ते घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. दादाला हे लिहून पाठवावं असं कितीदा मनात आलं. पाठवलं नाही.

ही सेरोटोनिनची कल्पना आली कुठून, ते शोधताना मात्र मी मुंबईत येऊन पोचले, आणि तिथे बराच वेळ रेंगाळले. सर्पगंधा. आपल्याकडे वेड लागलेल्या माणसाला, झोप न येणाऱ्याला ही मुळी पूर्वापार देत आले. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं, मनोविकार आणि रक्तदाब दोन्हींसाठी. मग 1949 मध्ये केईएमच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे तिचे परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्यांपैकी काही माणसं उदास होऊ लागल्याच्या नोंदी आल्या. 1955 च्या सुमाराला अमेरिकेत दिसलं की रिसर्पिनने मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. त्याच दशकात न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं तर ते उत्साहाने नाचायला लागले, आणि ते औषध सेरोटोनिनसारखी द्रव्यं मोडू देत नाही असं निघालं. दोन टोकं जुळली, सिद्धान्त तयार झाला. रिसर्पिनने खरंच उदासी येते का, यावर पुढे शंका घेतल्या गेल्या, पण तोवर कल्पना रुजली होती.

रक्तदाबाचं औषध घेणारा तो मुंबईतला कुणी माणूस माझ्या डोळ्यांपुढे येत राहतो. काही कारण नसताना उदास झालेला. त्यालाही घरचे म्हणाले असतील, काय झालंय तुला, सगळं तर ठीक आहे. हे मी की औषध, असं विचारायची सोयसुद्धा नसेल त्याला.

माझी गोळी जे करते ते पहिल्याच दिवशी, काही तासांत करते. दोन मज्जापेशींच्या फटीत आलेलं सेरोटोनिन परत ओढून घेणारी वाट अडवते. मन हलकं व्हायला मात्र दोन ते सहा आठवडे जातात. या मधल्या काळात मेंदू स्वतःला नव्याने लावून घेतो, पेशींचे आपापले ब्रेक सैल पडतात, नवे जोड तयार होतात, असं मानतात. पण नेमकं कशाने बरं वाटतं यावर अजून एकमत नाही. म्हणजे गोळी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते, ती रेघ मला सापडत नाही यात नवल नाही. ती रेघ कुणालाच नीट आखता आलेली नाही.

मागच्या पावसाळ्यात गावी पूल पाण्याखाली गेला आणि गोळ्या संपल्या तेव्हाचं आठवतं. गावातल्या दुकानात ही गोळीच नव्हती. दोनेक दिवसांत डोळे एका बाजूला वळवले की डोक्यात झणका बसायला लागला. वीज चमकावी तसा, क्षणभर, मग चक्कर. स्वप्नं इतकी ठसठशीत की उठल्यावर खरं काय ते आठवावं लागे. आणि रडू! परतीच्या एसटीत समोरच्या सीटवरच्या बाईने लेकराच्या तोंडात बिस्किट भरवलं, तेवढ्यावर मी स्टँड येईपर्यंत रडत होते. पदर ओला झाला. मला ते आज आठवलं आणि मी एकदम थांबले. कारण त्या रडण्याला मी माझं म्हणेन का? नाही म्हणणार. ते अंगातून औषध अचानक उतरल्याचं होतं. म्हणजे डोळ्यांत पाणी आलं की ती मी आणि नाही आलं की ती गोळी, इतका सरळ हिशोब नाहीच हा.

आणि साखरपुडा? चिनूच्या साखरपुड्याला मी गेलेच नव्हते. तेव्हा गोळी सुरू झाली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून होते, दोन दिवस केस विंचरले नव्हते, आणि नवऱ्याने फोनवर ताईला काहीतरी कारण सांगितलं. लग्नाला मात्र मी चार दिवस आधी गेले. रुखवताच्या करंज्या मी तळल्या. विहिणींच्या पंगतीत वाढलं. रात्री दोनला हॉलवाल्याशी भांडून पाण्याचा टँकर मागवला. पाठवणीच्या वेळी ताईचे पाय गळाले तेव्हा तिला ज्या हातांनी सावरलं ते माझेच होते. हे सगळं मी माझं म्हणून मोजते, बिनदिक्कत. मग फक्त कोरड्या डोळ्यांचंच खापर गोळीवर का फोडायचं? श्रेय घ्यायचं तर दोघींनी घ्यावं, उणेपणही दोघींनी वाटून घ्यावं.

हे लिहिल्यावर जरा श्वास मोकळा झाला. चिनूचं दुःख माझ्याकडे आहे, ते कुठे गेलेलं नाही. तिची खोली आवरायला ताई बोलावणार आहे, तिथे काय होईल ते होईल. नाही आलं रडू तरी खोली आवरून होईल.

पण म्हणून हे असंच चालू द्यायचं, असंही नाही. सोसत बसायचं नाही एवढं ठरवलंय. गुरुवारी मॅडमकडे जायचंय, तिथे गेल्यावर मी नेहमी "ठीक आहे" म्हणून उठते, म्हणून इथेच लिहून ठेवते. एक, पाठवणीचं जसंच्या तसं सांगायचं, मावशीच्या वाक्यासकट. आमरसाचंही. दुसऱ्या बाबतीतलंही, लाज न बाळगता, कारण तो परिणाम या गोळ्यांचा नेहमीचाच आहे आणि त्या रोज ऐकत असतील. मग विचारायचं, डोस कमी करून बघता येईल का, की औषधच बदलायचं. बोथटपणासाठी हे दोन्ही करतात असं वाचलंय. कमी करायचा असेल तर पंधराचे दहा, दहाचे पाच, आणि शेवटचा टप्पा सगळ्यांत सावकाश. मेंदूतल्या त्या वाटा थोड्याशा डोसनेही बऱ्याच अडतात, त्यामुळे शेवटचे काही मिलिग्रॅम सोडताना अंगाला जास्त जाणवतं. एसटीतला झणका मला परत नकोय. आणि आत्ता लगेच करायचं, की चिनूची पहिली दिवाळी उरकल्यावर, तेही त्यांनाच विचारायचं. त्या थांब म्हणाल्या तर थांबेन. पण का, ते या वेळी विचारून घेईन.