ओव्याचा शेक

उशीच्या अभ्र्यावर सकाळी ओला, पिवळट डाग दिसला म्हणून त्या घाबरून आल्या होत्या. अपॉइंटमेंट चार दिवसांनंतरची होती. जुलैचा पाऊस, चर्नी रोडहून स्लो लोकल पकडून विलेपार्ल्यापर्यंत आलेल्या, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, तोंडावर मास्क.

"सिस्टर, टाक्यांतून काही येतंय का बघा हो. दुखत तर काहीच नाही."

टाके काढून महिना उलटला होता. मी ओढणी सोडवली. कानापुढचे वण कोरडे, स्वच्छ होते. पण उजव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर रुपयाच्या नाण्याएवढा फोड फुटलेला. वरची कातडी सुरकुतून बाजूला सरकली होती आणि खालचा भाग लालबुंद दिसत होता.

"ताई, इथे भाजलंय तुम्हाला. कशाने भाजलं?"

"भाजलंय? कुठे?"

त्यांनी बोट गालावर फिरवलं. बोटाला ओलं लागलं तेव्हा कुठे त्यांना ती जागा सापडली. त्या गालाने त्यांना रात्रभर काहीच कळवलं नव्हतं.

त्यांचं वय ५८. सहा आठवड्यांपूर्वी आमच्याकडेच त्यांची फेसलिफ्टची शस्त्रक्रिया झाली होती. मी प्लास्टिक सर्जनच्या हाताखाली चौदा वर्षं परिचारिका आहे, पण पेशंटला स्वतःची जखम शोधावी लागते आहे हे दृश्य माझ्या अंगावर आलं.

हे का होतं ते आधी सांगते. फेसलिफ्ट म्हणजे नुसती कातडी ओढून शिवणं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात कानापुढून आणि कानामागून छेद घेऊन गालाची कातडी खालच्या थरापासून सोडवतात. मग त्याखालचा, स्नायूंना धरून असलेला थर वर खेचून बसवतात. डॉक्टर नव्या मुलांना शिकवताना सांगतात, की या थराचं वर्णन १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी यांनी केलं. कातडी सोडवताना तिच्यात शिरणारे संवेदनेचे बारीक तंतू तुटतात, त्याला इलाज नसतो. ते पुन्हा वाढतात, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कानाच्या पाळीला स्पर्श कळवणारी एक मोठी शीर मानेच्या स्नायूवरून, कानाच्या भोकाखाली साधारण साडेसहा सेंटीमीटरवर जाते. या शस्त्रक्रियेत सगळ्यात जास्त दुखावली जाते ती हीच. म्हणून कानापुढचा भाग आणि पाळी सर्वांत शेवटी जागी होते. काही महिने लागतात, कधी वर्षही जातं आणि क्वचित थोडा भाग कायमचा बधिर राहतो.

सुजेचंही तसंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जास्त असते, दोन-तीन आठवड्यांत बरीच ओसरते. पण उरलेली, हाताला घट्ट लागणारी सूज महिनोन्‌महिने रेंगाळते, कारण पाणी वाहून नेणाऱ्या रसवाहिन्याही कापल्या गेलेल्या असतात. सकाळी उठल्यावर ती जास्त दिसते, ज्या कुशीवर झोपलो तो गाल जास्त फुगतो. पापड-लोणचं खाल्लं, वाकून लादी पुसली की पुन्हा चढते. अचानक एका बाजूला टणक, ठणकणारी सूज आली तर मात्र आत रक्त साठलेलं असू शकतं आणि तासभरही थांबायचं नसतं. हा धोका मुख्यतः पहिल्या चोवीस तासांतला. या ताईंची सूज साधी, रेंगाळणारी होती. पण आरशात रोज दोन गाल दोन तऱ्हेचे दिसले की माणूस आतून खचतं. "हा चेहरा माझा नाहीच, कोणीतरी लाकडाचा बसवलाय," असं त्या मला तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या होत्या.

भाजलं कसं, ते हळूहळू बाहेर आलं. शस्त्रक्रियेनंतर त्या गिरगावात आईकडे राहत होत्या. चाळीची सामाईक गॅलरी, येणाजाणारा प्रत्येकजण दारातून डोकावणार. "या वयात नटायचं काय सुचलं" हे ऐकून घ्यायची ताकद नव्हती, म्हणून त्यांनी सगळ्यांना, आईलासुद्धा, जबड्याचं ऑपरेशन झालंय असं सांगितलं. आई ८३ वर्षांची. लेकीच्या गालावरची सूज सहा आठवडे उतरत नाही हे तिला बघवेना. तिने तेच केलं जे आपल्या सगळ्यांच्या आयांनी केलं असतं. लोखंडी तव्यावर ओवा भाजला, जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली आणि रात्री लेकीच्या गालावर धरली.

"आईने आधी स्वतःच्या हातावर लावून बघितली होती हो," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "हाताला सोसवली तेव्हाच गालाला लावली."

मी त्या माउलीचे हात बघितले नव्हते, पण माझ्या आजीचे मला आठवतात. आयुष्यभर तव्यावरची भाकरी बोटांनी उलटलेले हात. त्या बोटांना उष्णता फारशी लागत नव्हती आणि लेकीच्या गालालाही लागत नव्हती. अर्धा तास शेक चालला होता.

डॉक्टरांनी जखम धुतली, मलम लावून न चिकटणारी जाळीची पट्टी बसवली. त्यांचा चेहरा गंभीर होता, कारण सोडवून परत बसवलेल्या कातडीचा रक्तपुरवठा अजून पुरता सावरलेला नसतो आणि अशी जखम भरायला वेळ घेते. ते गेल्यावर त्या बाई मूकपणे रडायला लागल्या. "हा गाल मेलाच म्हणायचा का?"

तेव्हा मी मार्करचं पेन आणि कापूस घेतला. तिसऱ्या आठवड्यात आम्ही बधिर भागाची हद्द आखून फोटो काढून ठेवला होता. त्यांना डोळे मिटायला सांगितले, कापसाची वात नाकपुडीच्या बाजूने कानाकडे नेत गेले. "कळलं की 'हो' म्हणा." हो. हो. हो. मग थोडा वेळ काहीच नाही. जिथे "हो" थांबलं तिथे मी ठिपका दिला, असे आठ-दहा ठिपके जोडून रेघ काढली आणि जुना फोटो शेजारी धरला. रेघ जवळजवळ एक बोटभर कानाकडे सरकली होती. त्यांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, "रात्री गालात मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं. मला वाटलं काहीतरी बिघडलंय." त्या मुंग्या म्हणजे शिरा जाग्या होत असल्याची खूण, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

याचंच मला फार लागलं. आमच्या संमतिपत्राची आठ पानं इंग्रजीत आहेत. संवेदना कमी होऊ शकते असं त्यात लिहिलेलं आहे आणि त्याखाली या बाईंची सही आहे. कागदोपत्री आम्ही सुटलो. पण "शेक देऊ नका" हे तीन शब्द कोणी उच्चारले नव्हते, मीही नाही. त्या रात्री घरी बसून मी एक पान मराठीत लिहिलं. ओव्याचा, विटेचा, रबरी पिशवीचा, कसलाच शेक नको. बर्फही थेट कातडीवर नको, त्यानेही बधिर कातडी जळते. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवा. जड कुड्या, झुमके अजून घालू नका, पाळी ओढली गेलेली कळणार नाही. पुरुषांनी कानापुढची दाढी करताना आरसा जवळ धरा, ब्लेड लागलेलं समजत नाही. आणि घरातल्या एका तरी माणसाला खरं सांगा. हे शेवटचं वाक्य कागदावर कशाला, असं डॉक्टरांनी विचारलं. मी या बाईंचं उदाहरण दिलं. वाक्य राहिलं. आता प्रत्येकाला घरी सोडताना मी ते पान स्वतः वाचून दाखवते.

अकराव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा सोबत आई होत्या. नऊवारी, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. लेकीने त्यांना सगळं सांगितलं होतं. फोडाची जागा भरून फिकट गुलाबी झाली होती. मी रेघ आखत असताना आजी खुर्चीतून टक लावून बघत होत्या.

"सिस्टर, ओवा मी जास्त तापवला होता का हो?"

"नाही आजी. तो रोजच्यासारखाच तापला होता. गाल बधिर आहे हे तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. मी कापसाची वात त्यांच्या हातात दिली. लेकीने डोळे मिटले. आजींनी थरथरत्या हाताने वात गालावरून कानाकडे नेली. "हो," लेक म्हणाली. आजींनी वात अजून थोडी पुढे सरकवली.